पत्ता नसलेला उतार

ऑगस्टचा दुसरा आठवडा चालू होता आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कराडच्या ‘सह्यभान’ केंद्रात भिंतीएवढा पडदा होता. त्यावर डोंगरउतारांचे ठिपके सकाळपासून रंग बदलत होते. हिरव्याचे पिवळे होत होते, पिवळ्याचे नारिंगी. हर्षदा सपकाळ चहाचा कप घेऊन त्या पडद्यासमोरून आपल्या जागेकडे चालली होती. जाता जाता ती एका ठिपक्यापाशी थबकली.

तो ठिपका उलटा गेला होता. ती कामावर आली तेव्हा तो पिवळा होता, आता हिरवा होता.

उतार कारवटचा होता. कारवटमध्ये तिची थोरली बहीण दिली होती.

ठिपका हिरवा झाला म्हणजे तिला बरं वाटायला हवं होतं. पण असल्या पावसात डोंगराची तब्येत सुधारते कशी, हा प्रश्न तिला जागेवर बसू देईना. कप तसाच बाजूला ठेवून तिनं कारवटची माहिती उघडली.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर लागोपाठ तीन पावसाळे दरडींनी खाल्ल्यावर सरकारनं ‘सह्यभान’ उभं केलं होतं. धोक्याच्या प्रत्येक उतारात काचेच्या तंतूची केबल पुरली होती. तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि तो परत कसा येतो ते बघायचं. जमीन केसभर जरी ताणली गेली तरी परतणारा प्रकाश बदलतो. जागोजागी ठोकलेले खुंट मातीतल्या पाण्याचा दाब सांगत. वरून उपग्रह आपल्या रडारनं डोंगर किती हलला ते मोजून जात. या सगळ्यातून संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक उताराचं एक मॉडेल उभं राहिलं होतं. त्यात वरची माती होती, खालचा मुरूम होता, त्याखालचा काळा कातळ होता आणि या थरांमधून झिरपणारं पाणी होतं. खरा डोंगर भिजला की मॉडेलही भिजायचं.

पण मॉडेल म्हणजे शेवटी लाखो आकड्यांचा ढीग. तो गावातल्या माणसाच्या फोनवर जसाच्या तसा धाडून काय उपयोग? त्याचं दोनदा रूपांतर करावं लागे. आधी पत्त्यात, म्हणजे फोनवर उघडता येईल अशा लिंकमध्ये. मग पानात, म्हणजे ती लिंक उघडल्यावर दिसणाऱ्या रूपात. मॉडेल एकच, पण भूवैज्ञानिकाला त्यातले थर आणि दाब दिसत, तहसीलदाराला घरांची संख्या आणि रस्ते दिसत, गावकऱ्याला आपल्या डोंगराचं चित्र आणि एक रंग दिसे. ही दोन्ही रूपांतरं हर्षदाच्या विभागाकडे होती. केंद्रातले शास्त्रज्ञ तिच्या विभागाला गमतीनं ब्यूटी पार्लर म्हणत. ती मनावर घेत नसे. लोक जे बघतात ते आपण केलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पत्त्याचा नियम साधा होता. मॉडेलची नोंद झाली की त्याला क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकावरून पत्ता तयार होई. नोंद नसलेल्या मॉडेलला पत्ता विचारला तर ते कोरं उत्तर देई. यात वावगं काही नव्हतं. दुकानाच्या ॲपवर सामान निवडून ठेवलं, पण ऑर्डर दिलीच नाही, तर त्या ऑर्डरला क्रमांक कुठून येणार? तसंच हे.

हर्षदानं कारवटचं मॉडेल उलगडलं आणि तिच्या लक्षात आलं की ते एक राहिलेलंच नाही. सकाळी केव्हातरी त्याचे दोन भाग झाले होते.

मॉडेलला स्वतःहून दुभंगता येई. केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवास खांबेटे यांचं सगळं नाव त्यावरच झालं होतं. डोंगराला भेग पडून त्याचा एक तुकडा उरलेल्या डोंगरापेक्षा वेगळा वागू लागला, तर मॉडेल त्या तुकड्याला आपल्यातून वेगळं काढे आणि त्याचा हिशेब निराळा मांडे. कारवटमध्ये तेच झालं होतं. वरच्या आळीच्या डोक्यावरचा तुकडा सुटा झाला होता आणि खाली सरकत होता. तो सुटा झाल्यामुळे मागे राहिलेला डोंगर खरोखरच जास्त स्थिर होता. म्हणून त्याचा रंग हिरवा झाला होता. आणि ज्या तुकड्यापासून धोका होता त्याची अजून नोंद नव्हती, म्हणून त्याला क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता, पान नव्हतं. तो संगणकात होता, पण जगात कुणालाच दिसत नव्हता.

कारवटच्या लोकांना फक्त हिरवा रंग दिसत होता.

हर्षदा उठली आणि खांबेटे सरांच्या खोलीत शिरली.

खांबेटे साठीकडे झुकलेले होते. हर्षदा त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आपल्या पडद्यावर तो तुकडा बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“समितीपुढे ठेवू. सोमवारी बैठक आहे.”

“सर, आज शुक्रवार आहे.”

“मला वार कळतात, हर्षदा.”

“तोपर्यंत पान हिरवं राहणार. पिवळं असतं तरी लोक सावध राहिले असते. आपण त्यांना उलट निर्धास्त करतोय.”

“दोन वर्षांपूर्वीचं विसरलीस?”

ते विसरणं शक्यच नव्हतं. तेव्हा दुभंगलेल्या तुकड्यांची नोंद आपोआप व्हायची. असाच एक तुकडा कारवटमध्येच सुटा झाला आणि थेट लाल रंगात लोकांच्या फोनवर झळकला. त्या दिवशी गावात हर्षदाच्या भाचीचं, केतकीचं लग्न होतं. अक्षता पडायच्या आधी मांडव रिकामा झाला. वऱ्हाड चपला शोधत पळालं. नवऱ्या मुलाची आजी चिखलात घसरून पडली. सगळं गाव शाळेत जाऊन बसलं आणि डोंगर जागचा हलला नाही. मागाहून कळलं की कुणाच्या तरी जेसीबीनं चर खणताना केबल ओढली होती. मॉडेलला वाटलं, डोंगर फाटला. व्याह्यांनी त्या गावात पुन्हा पाऊल टाकायला नकार दिला. शेवटी केतकीचं लग्न तालुक्याच्या कचेरीत सह्या करून झालं. तेव्हापासून हर्षदाचे दाजी, धनाजी साळुंखे, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

त्यानंतर खांबेटे यांनी नियम केला की समितीनं तपासल्याशिवाय नव्या तुकड्याची नोंद करायची नाही.

“त्या वेळी आपण ओरडलो आणि काही झालं नाही,” खांबेटे म्हणाले. “आता पुन्हा त्याच गावात ओरडलो आणि काही झालं नाही, तर खोऱ्यातला एकही माणूस पुन्हा आपली लिंक उघडणार नाही. मग खरी दरड येईल तेव्हा काय करशील? मी एका गावाचा विचार करून चालत नाही.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तिला तेच जड गेलं.

ती बाहेर आली आणि तिनं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडे एक नम्र तरुण आवाज होता.

“मॅडम, उताराचा क्रमांक सांगा.”

“क्रमांक अजून पडलेला नाही. कारवटच्या वरच्या बाजूचा तुकडा आहे.”

“कारवट एक नंबर हिरवा दाखवतोय, मॅडम.”

“तो नाही. त्याच्यातून सुटलेला.”

“त्याची लिंक पाठवता का?”

“लिंकच नाहीये त्याला.”

“मग मॅडम, मी नोंदवू कशात? क्रमांक टाकल्याशिवाय ही खिडकी पुढे जात नाही.”

तो मुद्दाम अडवत नव्हता. त्याच्यासमोरची खिडकीही तिच्याच विभागानं केलेली होती. आपण केलेल्या दारातून आपल्यालाच आत जाता येत नाही म्हणजे काय, ते हर्षदाला त्या क्षणी कळलं.

ती जागेवर येऊन बसली. तिला नोंद करण्याचा अधिकार नव्हता. इशारा देण्याचा तर नव्हताच. पण पानं तिची होती. पानातली अक्षरं, रंग, मांडणी बदलायला तिला कुणाची परवानगी लागत नसे. तिनं रूपांतराच्या नियमांत एक नियम वाढवला. ज्या मॉडेलला स्वतःचा पत्ता नाही ते ज्याच्यातून निघालं त्याच्या पानावर दाखवायचं, राखाडी रंगात. बस्स एवढंच. राखाडी रंगाचा अर्थ सांगायला तिनं खाली एक ओळ घातली. ‘हा भाग डोंगरापासून वेगळा झाला असण्याची शक्यता आहे. तपासणी बाकी आहे.’ नियम तीनदा वाचून तिनं तो चालू केला. कारवटच्या चित्रात वरच्या आळीवर राखाडी डाग उमटला.

मग तिनं बहिणीला फोन केला.

“हर्षे, पाऊस कसा हाय तिकडं?” वनिताताईचा आवाज नेहमीसारखा मोकळा होता. मागे तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

“ताई, ऐक. तुमच्या घरामागचा डोंगर बरा दिसत नाहीये. तुम्ही पलीकडच्या पठारावर जा. शाळेत.”

वनिताताईनं विचारलं, “परत?”

मागून एक जाड आवाज आला. “काय म्हणतीय?”

“डोंगर बरा न्हाई म्हणती. निघा म्हणती.”

“हिरवा हाय म्हणावं.”

हर्षदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “ताई, दाजींना फोन दे.”

“ते बोलायचे न्हाईत बघ.”

“दे तू.”

फोन हातातून हातात गेला. “बोला,” दाजी म्हणाले. पूर्वी ते तिला नावानं हाक मारत, अगं-तुगं करत. आता ‘बोला’ म्हणाले.

“दाजी, तुम्ही आमचं पान बघता?”

“बघतो की. सकाळी उठलो की आधी ते बघतो, मग जनावरांचं करतो. मघाशीबी बघितलं, पिवळ्याचं हिरवं झालतं. तुमच्यावर राग हाय, डोंगरावर कशाला काढू?”

दोन वर्षं ज्या माणसानं तिचं तोंड बघितलं नव्हतं तो रोज सकाळी तिनं केलेल्या पानावर भरवसा ठेवून गोठ्यात जात होता.

“दाजी, सकाळचं हिरवं चुकीचं होतं. आता परत उघडा.”

दाजींनी पान परत उघडलं. “हे राखी राखी काय आलंय? आमच्याच डोक्यावर हाय.”

“तो तुकडा डोंगरापासून सुटलाय असं आमचं यंत्र म्हणतंय. खरं असेल किंवा नसेल. मला माहीत नाही.”

“माहीत न्हाई?”

“नाही. मागच्या वेळी माहीत आहे असं समजून सांगितलं. त्यातनं काय झालं ते तुम्ही भोगलंत.”

दाजींनी फोन ठेवला नाही.

“एक करा,” हर्षदा म्हणाली. तिनं आपल्या पडद्यावर भूवैज्ञानिकांचं पान उघडलं होतं आणि त्यातला पाण्याचा थर बघत होती. “तुमच्या पाणंदीच्या वर खडकातून झरा येतो ना?”

“येतो. पावसाळ्यात तर लोंढा असतो.”

“यंत्राच्या हिशेबानं तिथलं पाणी भेगेतनं आत उतरायला लागलंय. हे खरं असेल तर झरा आटला असेल. खोटं असेल तर असल्या पावसात तो धो धो वाहत असेल. पाणंदीतनं लांबूनच बघा. वर चढू नका. जे दिसेल ते मला सांगा, मग तुम्ही म्हणाल तसं.”

“बघतो,” एवढंच म्हणून त्यांनी फोन बंद केला.

हर्षदा फोनकडे बघत बसली. झरा वाहत असला तर? तर दाजी हसतील, पान पुन्हा हिरवं करावं लागेल आणि खांबेटे सर म्हणाले तेच खरं ठरेल. तसंच व्हावं, झरा वाहत असावा, असं तिला मनापासून वाटलं.

फोन वाजला. दाजी धापा टाकत होते.

“हर्षदा, झऱ्याला थेंब न्हाई. खडक नुसता वरच्या पावसानं भिजलाय. आणि पाणंदीच्या बांधाला हात जाईल एवढी चीर पडलीय. काल नव्हती.”

“दाजी, निघा.”

“किती लांब?”

“पठारावर. ओढ्याच्या कडेनं अजिबात जाऊ नका, माती आली तर त्याच वाटेनं येईल. देवळाकडनं वळसा घालून जा. आणि वरच्या आळीतलं कुणी मागं राहायला नको.”

“न्हाई राहायचं,” दाजी म्हणाले.

पुढचं तिला मागाहून ताईनं सांगितलं. दाजी डोक्यावर पोतं घेऊन दारोदार गेले. वरच्या आळीत लोक आधी हसलेच. एकानं ओट्यावरूनच विचारलं, “काय धनाजीराव, परत वऱ्हाड पळवताय का?”

“व्हय, परत पळवतोय,” दाजी म्हणाले. “मांडव माझा मोडला हुता, तुमचा न्हाई. मला पळायची हौस असंल का? झरा बघून या, न्हाईतर माझ्या मागनं चला.”

दोघं जण झरा बघायला गेले आणि पळतच परत आले. मग कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, गुरांची दावी सोडली. शंकर आबा म्हणून एक हट्टी म्हातारा होता, तो उंबरा सोडेना. दाजींनी त्याला खाटेसकट उचलायला लावलं.

इकडे केंद्रात खांबेटे सर हर्षदाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते.

“कारवटच्या पानावर राखाडी कुणी आणला?”

“मी.”

“तुला दिलेली मुभा अक्षरांचा आकार बदलण्यासाठी आहे.”

“हो सर.”

“मी आत्ता हे मागे घेऊ शकतो.”

“घेऊ शकता. त्याआधी एक ऐका. पाणंदीवरचा झरा आटलाय. दाजींनी स्वतः बघितलं. बांधाला भेग आहे.”

खांबेटे यांचा हात तिच्या माउसकडे निघाला होता, तो तिथेच राहिला. तरुणपणी त्यांनी सगळा सह्याद्री पायी तुडवला होता. भर पावसात झरा आटणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. ते हळूच शेजारच्या खुर्चीत बसले.

“जेसीबी?”

“या पावसात कोण खणणार, सर?”

त्यांनी तिच्या टेबलावरचा फोन उचलला आणि नियंत्रण कक्ष लावला. “खांबेटे बोलतोय, सह्यभान. कारवटची वरची आळी रिकामी होतेय. पठाराच्या शाळेत माणसं, डॉक्टर, जेवण पोहोचवा. ओढ्यावरचा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद करा.” पलीकडच्यानं काहीतरी विचारलं. खांबेटे यांनी एकदा हर्षदाकडे बघितलं. “क्रमांक नाही. क्रमांकाच्या जागी माझं नाव लिहा. नसेल जात पुढे, तर कागदावर लिहा. पण लिहा.”

दुपारी केबलमधून सोडलेला प्रकाश परत आला नाही. पडद्यावर कारवटची रेघ थरथरली आणि सपाट झाली. हर्षदा ताईचा फोन लावत राहिली. तो लागत नव्हता, मग लागत होता पण कुणी उचलत नव्हतं. खांबेटे यांनी तिच्यासाठी पाणी आणलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणासाठी पाणी आणलेलं कुणी बघितलं नव्हतं.

शेवटी फोन उचलला गेला.

“समदी हाईत गं,” वनिताताई रडत होती. “समदी हाईत. आळी गेली. आपलं घर गेलं. डोळ्यादेखत गेलं. आधी झाडं उभीच्या उभी खाली चालत आली, मग आवाज आला. दोन म्हशी राहिल्या आत. पर माणसं समदी हाईत.”

“दाजी?”

“हितं हाईत. आबाला पाणी पाजत्यात.”

दाजी आणि ताई दिवाळीपर्यंत हर्षदाच्या कराडच्या घरी राहिले. पहिले काही दिवस दाजी खिडकीशी बसून असत. घर गेलेल्या माणसाचा तो सुन्नपणा होता, बोलणं कमी आणि जेवणही कमी. मग हळूहळू ते बाजारात जाऊ लागले, शेजाऱ्यांशी ओळखी काढू लागले. एकदा हर्षदा कामावरून आली तर ते सोसायटीच्या वॉचमनला झऱ्याची गोष्ट सांगत होते. सांगण्यात ती चीर हाताएवढी राहिली नव्हती, माणूस जाईल एवढी झाली होती. तिनं दुरुस्त केलं नाही.

चौकशी ऑक्टोबरमध्ये झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या टेबलाभोवती अधिकारी बसले होते. अध्यक्ष एक निवृत्त सचिव होत्या. त्यांचे प्रश्न टोकदार होते, पण त्यांचा स्वर खवचट नव्हता.

“तुम्ही नोंद केलीत?”

“नाही,” हर्षदा म्हणाली.

“इशारा दिलात?”

“नाही. पान बदललं. आणि बहिणीला फोन केला.”

“बहीण त्या गावात नसती तर?”

हा प्रश्न हर्षदानं स्वतःला कितीतरी वेळा विचारला होता. “तर मी पान बदललं असतं आणि कुणीतरी ते उघडण्याची वाट बघत बसले असते. म्हणूनच नियम बदलायला हवा, मॅडम. प्रत्येक गावात कुणाची तरी बहीण असेलच असं नाही.”

खांबेटे उठले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. “नियम माझा होता,” ते म्हणाले. “एकदा खोटं ठरल्यावर मी घाबरलो आणि जे नक्की नाही ते दाखवायचंच नाही असं ठरवलं. न दाखवल्यामुळे लोकांना उरलेलं सगळं नक्की वाटलं. हिनं मला सकाळीच सांगितलं होतं. मी सोमवार म्हणालो.”

अध्यक्षांनी मागच्या रांगेत बसलेल्या दाजींकडे बघितलं. “तुम्ही सांगा. आधी तुमची एवढी फजिती झाली होती. या वेळी विश्वास कसा ठेवलात?”

दाजी उभे राहिले. नवा सदरा त्यांना खांद्यात घट्ट होत होता. “बाईसाहेब, ती मला माहीत न्हाई म्हणाली. आजवर मला सरकारातनं कुणी माहीत न्हाई असं म्हणालं न्हवतं. म्हटलं, ही खरं बोलतीय. जाऊन बघू.”

महिन्याभरानं एकाच दिवशी दोन आदेश निघाले. एकात हर्षदाला अधिकाराबाहेर जाऊन बदल केल्याबद्दल लेखी समज दिली होती. दुसऱ्यात तिचाच नियम एक पाऊल पुढे नेऊन राज्यभर लागू केला होता. यापुढे दुभंगलेल्या प्रत्येक तुकड्याला जन्मतःच पत्ता मिळणार होता, नोंद होवो न होवो. तपासणी व्हायची तेव्हा होईल, पण तोपर्यंत तुकडा लपून राहणार नव्हता. दोन्ही आदेश तिनं एकाच फाइलला लावले.

पण पत्ता देणं सोपं होतं. त्या पत्त्यावर काय दाखवायचं, याचं उत्तर अजून कुणाकडे नव्हतं. पुढचा पावसाळा यायच्या आत ते ठरायला हवं होतं. एका दुपारी खांबेटे आणि हर्षदा त्याचसाठी बसले. खिडकीबाहेर कराडचं ऊन रणरणत होतं.

“हिशेब केलास का?” खांबेटे म्हणाले. “जोराच्या पावसात शेकडो तुकडे सुटे होतील. त्यातले बहुतेक काहीच करणार नाहीत. निम्मं खोरं राखाडी दिसेल. लोक कंटाळतील.”

“काही कंटाळतील. पण प्रत्येक पानावर आपण एक गोष्ट देऊ, जी त्यांना स्वतः बघता येईल. झरा, विहीर, बांध, झाडाचा कल. मॉडेलला ते माहीत असतं. आपण आजवर ते फक्त आपल्यासाठी ठेवलं. लोकांनी बघायचं आणि पानावर कळवायचं. त्यांनी कळवलेलं मॉडेलमध्ये परत जाईल.”

“म्हणजे झरा वाहतोय असं कळवलं तर राखाडी फिकट होणार.”

“आणि आटला म्हणून कळवलं तर समितीची वाट बघायची नाही.”

खांबेटे खुर्चीत मागे रेलले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो जुना भाव आला, वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारल्यावर यायचा तो. “मला हे आधी का सुचलं नाही?”

“तुम्ही डोंगर बघत होता सर. मी माणसं बघत होते. माझं कामच ते आहे.”

“ब्यूटी पार्लर,” ते म्हणाले आणि दोघंही हसले.

मग पानावरच्या मजकुराची वेळ आली. हर्षदानं चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हा भाग धोकादायक आहे की नाही, आम्हाला अजून माहीत नाही.’ त्याखाली काय बघायचं आणि कुठून बघायचं ते होतं.

खांबेटे यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, पुन्हा वाचली. “‘स्थिती अनिश्चित’ असं लिहिता येईल. शासकीय पानावर ते बरं दिसतं.”

“कारवटच्या माणसाला ‘अनिश्चित’ म्हणजे कोण अनिश्चित ते कळणार नाही. डोंगर की सरकार?”

“मग नुसतं ‘अजून माहीत नाही’ ठेव. ‘आम्हाला’ काढ. वर मंत्रालयात कुणीतरी विचारेल, आम्हाला म्हणजे कुणाला?”

हर्षदानं तो शब्द खोडला. ‘अजून माहीत नाही.’ ओळ आता नीटनेटकी दिसत होती. तिनं काही वाद घातला नाही. ती पुढच्या ओळीकडे वळली, विहिरीचं पाणी गढूळ आहे का ते बघा, त्या ओळीकडे.

“थांब,” खांबेटे म्हणाले.

ते खुर्ची ओढून तिच्या पडद्याजवळ आले. खोडलेल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

“‘आम्हाला’ परत घाल,” ते म्हणाले. “आणि मंत्रालयातून फोन आला तर माझ्याकडे दे.”

तिनं शब्द परत घातला. पहिलं पान त्याच दुपारी लोकांसाठी उघडलं.